माशाचा डोळा कुणी नेला?

"इतिहासाचं चाक कुणालाही थांबवता येत नाही!" मामानं हात उंचावून जाहीर केलं, आणि गाडी थांबली.

थांबली म्हणजे आधी ती दोनदा खोकली, एकदा शिंकली आणि मग चढाच्या ऐन मध्यावर तिनं देह ठेवला. मामाचा हात अजून वरच होता. गाडीतल्या चौदा पर्यटकांनी आधी त्या हाताकडे पाहिलं, मग बोनेटमधून निघणाऱ्या वाफेकडे पाहिलं.

"इतिहासाला तहान लागलीय," चालकाच्या जागेवरून मामी शांतपणे म्हणाली. "भोंग्या, मागचा पाण्याचा डबा आण. आणि ओरडू नकोस."

"आणतो!!" भोंगा ओरडला.

मामाच्या सहलीतली कामाची वाटणी अगदी सरळ होती. मामी गाडी चालवायची आणि मामा तोंड चालवायचा. दोहोंपैकी गाडी अधूनमधून बंद पडायची.

सकाळी शहरातून निघायचं, टेकडीमागचे जुने अवशेष बघायचे, डबे खायचे, दुपारी पलीकडच्या टेकाडावरचा ऐतिहासिक बंगला बघायचा आणि दिवस मावळायच्या आत परत. एकोणीस वर्षं हाच रस्ता. सुट्टीत मात्र या गाडीच्या शेवटच्या बाकावर तीन फुकट प्रवासी बसायचे. एक मामाची मुलगी. ती कुठल्याही वाक्याला "मुळीच नाही, कारण" असं म्हणून सुरुवात करायची, म्हणून तिचं नाव वकीलबाई. दुसरा मामाचा नऊ वर्षांचा भाचा, ज्याला हळू बोलणं म्हणजे काय हे कुणीच समजावू शकलं नव्हतं. तो भोंगा. आणि तिसरी त्याची बारा वर्षांची बहीण. ती उंच होती, बारीक होती आणि खिशात कायम दोन मीटरची फीत बाळगायची. तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. आपल्याला या नावाचा राग येतो की नाही, हे तिनं अजून मोजलं नव्हतं.

पाणी प्यायल्यावर गाडी पुन्हा जिवंत झाली आणि पाऊण तास उशिरानं अवशेषांच्या फाटकाशी पोचली. फाटकात अवशेषांचे अधीक्षक उभे होते. साहेबांना शिक्के मारायची भारी हौस होती. तिकिटावर शिक्का, पावतीवर शिक्का, एकदा तर भोंग्याच्या बिस्किटाच्या पुड्यावर शिक्का. मुलांनी त्यांचं नाव शिक्कासाहेब ठेवलं होतं. आज त्यांच्या हातात एक पत्र होतं, आणि त्या पत्रावर चार शिक्के होते.

"चार म्हणजे गंभीर आहे," वकीलबाई कुजबुजली.

शिक्कासाहेबांनी पत्र मामाच्या हातात दिलं. "वाचा. मोठ्यानं वाचलं तरी चालेल."

मामानं मोठ्यानं वाचलं नाही. पण मोजपट्टी त्याच्या कोपराशीच उभी होती, आणि तिची उंची अशा वेळी कामाला यायची. पत्रात लिहिलं होतं की खड्यांच्या फरशीतले एकवीस खडे या मोसमात नाहीसे झाले आहेत. त्यात माशाचा डोळाही आहे. आपले पर्यटक खडे उचलून नेतात असा कार्यालयाचा दाट संशय आहे. शनिवारी मुख्य कार्यालयातून संचालकबाई येतील. आपण समाधानकारक खुलासा केला नाही, तर वाटाड्याचा बिल्ला परत घेण्यात येईल.

मामानं पत्राची घडी घातली. मग पुन्हा उघडली. मग पुन्हा घडी घातली.

"बाबा, काहीतरी बोल ना," वकीलबाई म्हणाली.

मामा काहीच बोलला नाही. बोल म्हटल्यावरही मामा गप्प राहिला, हे मोजपट्टीनं जन्मात पाहिलं नव्हतं. तापात बोलायचा, घास तोंडात असताना बोलायचा, झोपेतसुद्धा एकदा त्यानं संपूर्ण राजवाडा दाखवला होता. तो बिल्ला काढून घेतला तर हा माणूस कुणाशी बोलणार? घरच्या भिंतींशी? आणि त्या भिंती अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या!

अवशेष म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीच्या कुणा बड्या व्यापाऱ्याचं घर. आता त्याला छप्पर नव्हतं, भिंती गुडघ्याएवढ्या होत्या, आणि दिवाणखान्यात गवत होतं. दुसऱ्या कुणाबरोबर आलात तर दहा मिनिटांत बघून व्हायचं. मामाबरोबर आलात तर दोन तास लागायचे, कारण मामा त्या गुडघ्याएवढ्या भिंती बोलून बोलून उभ्या करायचा. "सांभाळा, इथं दार आहे!" असं तो म्हणाला की धट्टीकट्टी माणसं मान वाकवून मोकळ्या हवेतून आत जायची.

सगळ्यात शेवटी यायची ती खड्यांची फरशी. नखाएवढे हजारो रंगीत खडे शेजारी शेजारी बसवून केलेला एक भलामोठा मासा. एरवी तो धुळीनं करडा दिसायचा. मग मामा आपली लांब चोचीची हिरवी झारी पुढे करायचा आणि दोरीवरून वाकून हळूच पाणी सोडायचा. बघता बघता करड्या फरशीतून हिरवा, तांबडा, पिवळा रंग उठायचा आणि मासा पोहायला लागायचा! "आहाहा!" सगळे म्हणायचे. मामा तेव्हा एकदाच, फक्त त्या क्षणी, गप्प राहायचा.

आजही त्यानं पाणी सोडलं. रंग उठले. पण माशाच्या डोक्यात, जिथं गडद निळ्या काचेचा डोळा असायचा, तिथं एक छोटासा खड्डा होता.

"मासा आंधळा आहे का हो?" एका पर्यटक बाईंनी विचारलं.

"हल्लीच झालाय," मामा म्हणाला, आणि झारी घेऊन बाजूला झाला.

डबे खायच्या वेळी मागच्या बाकावर तातडीची बैठक भरली.

"चोर पकडायचा!" भोंगा म्हणाला. जवळच्या झाडावरची पाखरं उडाली.

"मुळीच नाही, कारण चोर आहे हेच सिद्ध झालेलं नाही," वकीलबाई म्हणाली. "आधी नक्की काय गेलंय ते बघू."

गाडीच्या मागच्या काचेवर माशाचं एक जुनं चित्र चिकटवलेलं होतं. कुणीतरी वर्षभर बसून खडा न् खडा मोजून काढलेलं. मोजपट्टीनं ते सोडवून घेतलं, दोरीशी जाऊन बाहेरच्या, लोकांनी उभं राहायच्या फळीवर पालथी पडली आणि तांबड्या पेन्सिलीनं एकेक नाहीशा खड्यावर फुली मारत गेली. अर्ध्या तासानं ती उठली तेव्हा तिच्या कोपरांवर फळीची नक्षी उमटली होती.

"एकवीस. बरोबर आहेत. आता इकडे बघा." तिनं फीत काढली. "लोक उभे राहतात ती दोरी इथं. दोरीजवळचे किती खडे गेलेत?"

"एकही नाही," वकीलबाई म्हणाली.

"आणि माशाचं डोकं दोरीपासून सात फुटांवर आहे. सगळ्या फुल्या डोक्यापाशी! मामाच्या पर्यटकांपैकी कुणाचा हात सात फूट लांब आहे?"

भोंग्यानं आपला हात लांब करून पाहिला. "माझा नाही."

"आणखी एक गंमत. फुल्या विखुरलेल्या नाहीत. इथं एक घोळका आणि तिथं एक घोळका. मधे वीतभर जागा." मोजपट्टी उठून उभी राहिली आणि तिनं आपल्या दोन पावलांकडे बघितलं. मधे वीतभर जागा होती. "हे हातांचं काम नाही. हे पायांचं काम आहे! तिथं कुणीतरी उभं राहतं. रोज. त्याच जागी."

"पण दोरीच्या आत कुणाला सोडतच नाहीत!"

"कुणालाच?" वकीलबाईनं डोळे बारीक केले. "थांबा. मी तक्रारीचा अर्ज मागून येते."

"कसली तक्रार?"

"आत गेल्यावर ठरवीन."

ती शिक्कासाहेबांच्या कचेरीत गेली आणि पाच मिनिटांत धापा टाकत परत आली. अर्जावर दोन शिक्के होते.

"भिंतीवर फोटो आहेत! एकोणतीस! खास पाहुणे, प्रत्येक फोटोत वेगळे. पण जागा एकच, माशाच्या डोक्याशी. आणि शेजारी प्रत्येक वेळी हसणारा माणूस एकच!"

"शिक्कासाहेब!" भोंगा ओरडला, आणि दोघींनी मिळून त्याचं तोंड दाबलं.

"आणि ऐक, मोजपट्टे. प्रत्येक फोटोत फरशी चकचकतेय."

"म्हणजे ओली," मोजपट्टी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. फरशी ओली कोण करतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुपारी गाडी बंगल्याच्या आवारात उभी राहिली. पर्यटक मामामागून आत गेले. मामी नेहमीप्रमाणे मागच्या चाकाशी बसली आणि स्क्रू-ड्रायव्हरनं टायरच्या खाचांत अडकलेले दगड उकरायला लागली.

"मामी, हे रोज करावं लागतं?" मोजपट्टीनं विचारलं.

"नाही केलं तर टायर चिरतो. पण रोज नाही गं लागत. रस्ता कोरडा असला की एखादाच दगड सापडतो. ओला असला की मात्र बघ, मूठभर." टक्. एक दगड उडाला. "सुकी माती दगडाला धरून ठेवते. ओल्यात तिची पकड सुटते. मग जे खाचाळ चाक वरून जाईल त्याच्याबरोबर दगड निघाला गावाला!"

मोजपट्टी चाकाकडे बघत राहिली. मग तिनं आपला पाय उचलून बुटाचा तळ पाहिला. खाचा. डोंगरात चालायच्या प्रत्येक बुटाला असतात तशाच.

"काय झालं गं? विंचू-बिंचू बघितलास की काय?"

"मामी! अवशेष बघून शिक्कासाहेबांचे पाहुणे कुठं जातात?"

"कुठं जाणार? साहेबांच्या जीपमधून इथंच येतात की. सगळे इथंच येतात."

मामीचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिघं बंगल्याच्या पायऱ्या चढत होती.

बंगल्याच्या दारात एक बाई स्टुलावर बसलेल्या असायच्या. आतली लाकडी जमीन दीडशे वर्षांची, आरशासारखी घोटलेली. तिच्यावर बुटांनी चालायची बंदी. बुटांवर जाड कापडाच्या खोळी चढवायच्या, दोऱ्या बांधायच्या, आणि मग बदकासारखं फताडं चालत आत जायचं. त्या खोळी देणाऱ्या, घेणाऱ्या आणि धुणाऱ्या बाई म्हणजे खोळमावशी.

"मावशी, खोळी धुताना आत काही सापडतं का?" मोजपट्टीनं विचारलं.

"काय सापडत नाही ते विचार! माती, गवत, बटणं. परवा तर एक दात निघाला. कुणी परत मागायलाही आलं नाही बघ."

"आणि खडे?"

"ते तर ढिगानं. साधे असले की कुंडीत टाकते. रंगीत असले की..." मावशी लाजल्या. "रंगीत माझ्या माशांना देते."

तिघांनी एकदम माना वळवल्या. तिकिटाच्या खिडकीमागे काचेची एक हंडी होती. तिच्यात दोन सोनेरी मासे निवांत फिरत होते, आणि त्यांच्या खाली, तळाशी, अठराशे वर्षांपूर्वीची फरशी पसरलेली होती.

भोंग्यानं आ वासला. पण आश्चर्य म्हणजे त्यातून आवाजच आला नाही.

मोजपट्टीनं काचेला नाक लावून मोजले. "हिरवे नऊ, तांबडे पाच, पिवळे तीन. सतरा! मावशी, हे आपल्या मोठ्या माशाचे आहेत!"

"अगं बाई!" खोळमावशी स्टुलावरून उठल्याच. "मी आपलं म्हटलं, कुणाच्या तरी अंगणातले असतील. आता मला तुरुंगात घालतात की काय!"

"मुळीच नाही, कारण तुम्ही ते सांभाळून ठेवलेत," वकीलबाई म्हणाली. "पण नुसते हे खडे दाखवून भागणार नाही. साहेब म्हणतील, बाबांच्याच पर्यटकांच्या बुटांतून आलेत. आणि डोळा? डोळा कुठाय?"

सतरा आणि चार एकवीस. चार खडे अजून बेपत्ता होते.

"ज्यानं खोळ घातली त्याचे खडे खोळीत पडले," मोजपट्टी विचार करत म्हणाली. "मग ज्यानं खोळ घातलीच नाही त्याचे... मावशी, खोळ न घालता आत कोण जातं?"

"कुणी नाही हो. एक शिक्कासाहेब सोडून. ते म्हणतात, मी काय पाहुणा आहे?" खोळमावशींनी आवाज खाली आणला. "पण अलीकडे काय झालंय कुणास ठाऊक, जमिनीवर ओरखडे उठायला लागलेत. या दारापासून त्या दिवाणखान्यापर्यंत. सगळे डाव्या पायाच्या बाजूला."

मोजपट्टीनं गुडघ्यावर बसून ओरखडे पाहिले. बारीक, सरळ, एकेका पावलाच्या अंतरावर. काचेनं ओढावेत तसे.

"आपल्याला तो डावा बूट बघायला हवा," ती म्हणाली. "संचालकबाईंच्या समोर."

"साहेब बूट काढून देतील?" भोंग्यानं त्याच्या मानानं हळू विचारलं.

"मागून देणार नाहीत," वकीलबाई म्हणाली. "मागायचंच कशाला?"

पण त्याआधी एक काम उरलं होतं, आणि ते मोजपट्टीला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणातल्या नळाशी झारी भरत होता. ती जाऊन शेजारी उभी राहिली.

"मामा, आज पाणी नको नेऊस."

"का गं? पाण्याशिवाय मासा कसा पोहणार?"

मोजपट्टीनं सगळं सांगितलं. बूट, फोटो, खोळी, हंडी. आणि मग, नळाकडे बघत, पाण्याचंही सांगितलं. की ओल्यात पकड सुटते. की फरशी कोरडी असती तर एवढ्या बुटांनीसुद्धा एवढे खडे निघाले नसते.

झारी भरून वाहायला लागली, तरी मामानं नळ बंद केला नाही. मोजपट्टीनंच केला.

"म्हणजे एकोणीस वर्षं," मामा म्हणाला, "मी लोकांना मासा दाखवत होतो, आणि तोच मासा एकेक खड्यानं..."

"तुला माहीत नव्हतं ना रे, मामा."

"मला सगळं माहीत असतं गं. तीच तर माझी नोकरी आहे." त्यानं झारी उचलली आणि सगळं पाणी गुलाबाला घातलं. गुलाबाची चंगळ झाली. "बरं झालं तू सांगितलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. तासभर."

शनिवारी संचालकबाई आल्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, हातात वही. दिसायला एखाद्या गणिताच्या बाईंसारख्या, आणि त्यामुळे सगळेच ताठ उभे राहिले. खुलासा दुपारी बंगल्यात ऐकायचा ठरला होता, कारण अवशेषांच्या कचेरीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर शिक्कासाहेब बसत.

"आधी फरशी बघू," बाई म्हणाल्या.

"या ना, बाई, या!" शिक्कासाहेबांनी दोरी उचलून धरली. "आत या. माशाच्या डोक्याशी आपला एक फोटो काढू. खास पाहुण्यांसाठी करतो आम्ही!"

संचालकबाई दोरीच्या बाहेरच थांबल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. शिक्कासाहेबांना वाटलं, कौतुक लिहिलं.

"अहो, पाणी मारा ना!" ते मामाला म्हणाले. "रंग दिसायला नकोत का?"

"पाणी आणलं नाही, साहेब," मामा म्हणाला.

करडी, धुळकट फरशी. डोळा नसलेला मासा. आणि मामा रिकाम्या हातांनी उभा. त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. त्यानं ते पाठीमागे घेतले. मग पुढे घेतले. मग बोलायला लागला.

"बाई, हे घर ज्यानं बांधलं तो समुद्रापासून फार लांब राहायचा. त्याला समुद्र आवडायचा की नाही, मला ठाऊक नाही. मी आजवर सांगत आलो की आवडायचा. पण एवढं खरं, की कुणीतरी इथं गुडघे टेकून बसलं आणि नखाएवढे खडे वेचत राहिलं. पाठीसाठी हिरवा. पाठ उन्हात असते, म्हणून जरा पिवळट हिरवा. पोटाला सावलीतला हिरवा. कल्ल्यापाशी तांबडा, पण रक्तासारखा नाही, वीट भाजत आली की होते तसा. आणि डोळ्यासाठी त्यानं दगड घेतला नाही. काच घेतली. सगळ्या घरात एकच काचेचा खडा. का? तर या घरात दिवा घेऊन कुणी शिरलं की माशानं त्याच्याकडे बघावं म्हणून."

तो थांबला. मोजपट्टीनं फरशीकडे पाहिलं आणि शपथेवर सांगायचं तर तिला हिरवा दिसला. आधी पिवळट, मग सावलीतला.

"आता तो बघत नाही," मामा म्हणाला. "बास. एवढंच."

संचालकबाईंनी या वेळी वहीत काहीच लिहिलं नाही.

दुपारी सगळी वरात बंगल्याच्या दारात पोचली. खोळमावशींनी संचालकबाईंना लहान मापाच्या खोळी दिल्या. मामा, मामी, मुलं, सगळ्यांनी खोळी बांधल्या. शिक्कासाहेब तसेच पुढे निघाले.

"साहेब, खोळ!" मावशी म्हणाल्या.

"मी काय पाहुणा आहे?"

"मी तर अधिकारी आहे," संचालकबाई म्हणाल्या, "आणि मी घातली."

"बरं, बरं. द्या मोठ्या मापाची."

खोळमावशींचा चेहरा इतका भोळा झाला की मोजपट्टीला हसू आवरेना. "मोठ्या मापाच्या सगळ्या आज धुतल्यात, साहेब. दोरीवर ओल्या आहेत. बुटाला बसेल अशी एकही नाही. आता तुम्हाला बूट काढूनच यावं लागेल."

शिक्कासाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. संचालकबाई वाट बघत होत्या. ते स्टुलावर बसले, नाड्या सोडल्या, बूट काढले, आणि मोजे घालून घोटलेल्या जमिनीवर घसरत घसरत दिवाणखान्यात गेले.

"तर," संचालकबाई मामाला म्हणाल्या, "तुमचा खुलासा?"

"मुळीच नाही, कारण," वकीलबाई पुढे झाली, "म्हणजे, बाई, खुलासा आम्ही करू का?"

"ही लहान मुलं आहेत," शिक्कासाहेब म्हणाले.

"ते दिसतंय. बोल, मुली."

मग काय! मोजपट्टीनं चित्र पसरलं. एकवीस फुल्या, सात फूट अंतर, दोन घोळके, मधे वीतभर जागा. वकीलबाईनं एकोणतीस फोटोंचं सांगितलं. भोंगा माशांची हंडी छातीशी धरून आला आणि अर्धं पाणी अंगावर सांडून घेत ओरडला, "सतरा इथं आहेत!!" दोन्ही मासे घाबरून एका कोपऱ्यात गेले. खोळमावशींनी खोळींतून काय काय निघतं ते सांगितलं, दातासकट.

"पाहुण्यांच्या बुटांतून पडलेही असतील," शिक्कासाहेबांचा आवाज उतरला. "पण डोळा? डोळा तर कुणीतरी चोरलाच ना? तो कुठाय?"

मोजपट्टी दारापाशी गेली आणि स्टुलाखालचा डावा बूट घेऊन आली. तो तिनं उलटा करून संचालकबाईंच्या समोरच्या टेबलावर ठेवला. "मामी, तुझा स्क्रू-ड्रायव्हर दे ना."

मामीनं तो दिला नाही. ती स्वतःच पुढे झाली. हे तिचं काम होतं. टक्. हिरवा खडा. टक्. दुसरा हिरवा. टक्. तांबडा. मग तिनं टाचेच्या सगळ्यात अरुंद खाचेत टोक घातलं, जरासं फिरवलं, आणि गडद निळ्या काचेचा एक गोल खडा टेबलावर घरंगळत गेला. मधोमध येऊन थांबला. आणि शिक्कासाहेबांकडे टक लावून बघत राहिला.

शिक्कासाहेबांनी खिशातून रुमाल काढला.

"मी शोधत होतो तो," शिक्कासाहेब शेवटी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "रोज सकाळी, फाटक उघडायच्या आधी. गुडघ्यावर बसून शोधत होतो. त्या माशावर माझा जीव आहे, बाई. म्हणून तर सगळ्यांना त्याच्या शेजारी उभं करायचो."

"शोधत होतात खरे," मामी म्हणाली, "पण बरोबर घेऊनच."

यावर सगळ्यात आधी हसला तो मामा. आणि मग तोच उठून उभा राहिला. "बाई, सगळा दोष साहेबांचा नाही. फरशी ओली मी करत होतो. एकोणीस वर्षं. ओल्यात खड्यांची पकड सुटते, हे मला परवा माझ्या भाचीनं सांगितलं. तुम्हाला बिल्ला घ्यायचा असेल तर..." त्यानं छातीवरचा बिल्ला काढला.

मोजपट्टीनं खिशातली फीत घट्ट धरली.

संचालकबाईंनी बिल्ला हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "याची पिन वाकलीय," त्या म्हणाल्या, आणि पिन सरळ करून त्यांनी तो मामाच्या छातीवर पुन्हा लावला. "पाणी बंद. दोरीच्या आत जाणं बंद, पाहुणे असोत की अधिकारी. कारागीर पुढच्या आठवड्यात येऊन एकवीसही खडे बसवतील. आणि तुम्ही बोलत राहायचं. आज मला कोरड्या फरशीवर रंग दिसले. तुमच्या झारीला ते जमलं नसतं."

"मामा, रडतोयस?" भोंग्यानं सगळ्या बंगल्याला ऐकू जाईल असं विचारलं.

"इतिहास डोळ्यात गेला," मामा म्हणाला.

मग संचालकबाई उभ्या राहिल्या. सगळेच उभे राहिले. त्यांनी एक हात मोजपट्टीच्या खांद्यावर ठेवला, दुसरा वकीलबाईच्या, आणि भोंग्यासाठी हात उरला नाही म्हणून त्याला पुढ्यात घेतलं. "आम्ही मोठी माणसं पत्रं लिहितो आणि शिक्के मारतो," त्या म्हणाल्या. "या मुलांनी मोजलं, पाहिलं आणि विचारलं. आणि जे घरच्या माणसाला सांगायला सगळ्यात अवघड होतं, तेही जाऊन सांगितलं. अठराशे वर्षांपूर्वी ज्यानं हा मासा केला, तो आज इथं असता तर त्यानं या तिघांना आपल्या शेजारी बसवून घेतलं असतं. अशी मुलं असतील तोवर या भूमीतला एक खडाही हरवणार नाही!"

टाळ्या पडल्या. खोळमावशींनी डोळ्यांना खोळ लावली. मामीनं पाठ फिरवून उगाचच स्क्रू-ड्रायव्हर पुसला. वकीलबाईला पहिल्यांदाच कुठल्याच मुद्द्याला विरोध करावासा वाटला नाही. आणि मोजपट्टीच्या मनात आलं की हे नाव काही वाईट नाही.

टाळ्या थांबल्या तेव्हा टेबलाच्या पलीकडे, वर्गात धरतात तसा, एक हात हळूच वर झाला.

"बाई," शिक्कासाहेब म्हणाले, "तेवढा डावा बूट मिळेल का? मोज्याला भोक आहे."